कालवलेल्या पेशी आपापल्या थरात परत कशा जातात?

प्रश्न असा आला आहे: भ्रूणाच्या पेशी सुट्या करून एकमेकींत कालवल्या, तरी काही तासांत त्या आपोआप वेगळ्या होतात, बाहेरच्या थराच्या पेशी बाहेर, आतल्या थराच्या पेशी आत. त्यांना जागा कोण सांगतं? डीएनएत नकाशा असतो, की हे नुसतं भौतिकशास्त्र आहे? विचारणारा भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे, आणि यावर संगणकावर प्रोजेक्ट करता येईल का, असंही त्याने विचारलं आहे. ऊतींच्या यांत्रिकीवर मी बरीच वर्षं काम करते आहे, तेव्हा उत्तर लांबणार हे आधीच सांगून टाकते.

थोडक्यात हवं असेल तर: नकाशा असा काही नसतो. पेशी किती ताणलेली असावी, शेजारणीला तिने किती धरून ठेवावं, किती वळवळ करावी, एवढे मोजके गुण जनुकं ठरवतात. जागा त्यातून निघते. आता सविस्तर.

१९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने समुद्री स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. खाली पडलेल्या सुट्या पेशी सरपटत एकत्र आल्या आणि त्यांचे पुन्हा स्पंज झाले. स्पंजाचं काय, तो साधा जीव, असं म्हणून हा विषय बाजूला पडला असता. पण १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या भ्रूणांवर असाच प्रयोग केला. द्रावण अल्कधर्मी केलं की या पेशी सुट्या होतात, सामू पूर्ववत केला की पुन्हा चिकटतात. कालवलेल्या गोळ्यात त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, चेतासंस्थेच्या पेशी आत गेल्या आणि मध्यस्तराच्या पेशी दोन्हींच्या मध्ये थांबल्या. भ्रूणात जो क्रम असतो तोच, आणि तोही भ्रूण मोडून टाकल्यावर.

आपल्याकडे हे डोळ्यांनी बघायचं तर हायड्रा सर्वांत सोयीचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झालेलं आहे. ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ नावाचा इथलाच स्ट्रेन शास्त्रीय साहित्यात नोंदलेला आहे. पद्धत १९७२ मध्ये आल्फ्रेड गीरर आणि सहकाऱ्यांनी बसवली ती. हायड्रा जास्त क्षारांच्या द्रावणात ठेवायचे आणि पिपेटने वर-खाली, वर-खाली करत राहायचं. हळूहळू प्राणी दिसेनासे होतात आणि गढूळ पाणी उरतं. इथे हात हलका लागतो. टोक फार बारीक घेतलं किंवा जोर केला की पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो. मग ते फेकून नव्याने सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसतं. जमलं तर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी गोळी करायची आणि द्रावण टप्प्याटप्प्याने पातळ करत नेहमीच्या पाण्यावर आणायचं. पहिले काही तास गोळी ओबडधोबड असते, कडेने पेशी गळत असतात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली कडेला पारदर्शक पट्टा दिसू लागतो, तो बाह्यस्तर. आतला गडद भाग म्हणजे अंतःस्तर. मग आत पोकळी होते, गोळा फुगतो, आणि आणखी काही दिवसांत स्पर्शक फुटतात. बऱ्याचदा एकाच गोळ्याला दोन-तीन डोकी येतात. ही डोकी कुठे आणि किती येणार, हा वेगळा प्रश्न. तिथे रासायनिक संकेत लागतात. थर वेगळे होणं मात्र त्याच्या आधीच उरकलेलं असतं.

हे का होतं, याचं पहिलं नेटकं भौतिक उत्तर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माल्कम स्टाइनबर्ग यांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं की भ्रूणातली ऊती ही न मिसळणाऱ्या द्रवांसारखी वागते. तेल आणि पाणी ढवळून ठेवलं तर वेगळं होतं, कारण पाण्याच्या रेणूंना एकमेकांचं आकर्षण जास्त. तसंच ज्या पेशी आपसांत जास्त घट्ट चिकटतात त्यांचा गोळा आत जातो, कमी चिकटणाऱ्या त्याला वेढतात. कल्पना ऐकायला साधी, पण तिच्यातून दोन भाकितं निघतात जी खोटी ठरू शकली असती. एक: सुरुवात कशीही करा, पेशी कालवून करा किंवा दोन आख्खे तुकडे शेजारी चिकटवून करा, शेवट एकच असला पाहिजे. दोन: अ ने ब ला वेढलं आणि ब ने क ला, तर अ ने क ला वेढलंच पाहिजे. कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींवर दोन्ही खरी निघाली. कुठलाही ‘इकडे या’ असा रासायनिक इशारा मानला तर ही उतरंड इतकी सुसंगत का यावी, याचं कारण देता येत नाही. म्हणून मला हा प्रयोग आजही फार आवडतो.

द्रव म्हणायचं तर पृष्ठताण मोजता आला पाहिजे, आणि तो मोजला गेला. पेशींचा काही शे मायक्रोमीटर व्यासाचा गोळा तयार करतात, दोन समांतर पट्ट्यांमध्ये धरतात आणि हलकेच दाबतात. पट्ट्यांना ऊती चिकटू नये असा लेप असतो. दाबल्याबरोबर बल एकदम वर जातं, कारण पहिल्या क्षणी प्रत्येक पेशी रबरासारखी दबलेली असते. मग बल उतरू लागतं. आत पेशी एकमेकींच्या शेजारून सरकून नव्या जागा घेत असतात. काही वेळाने बल स्थिरावतं. त्या वेळचं बल, पट्टीला टेकलेलं क्षेत्रफळ आणि बाजूच्या फुगवट्याच्या दोन त्रिज्या, एवढं यंग-लाप्लास समीकरणात (दाब, वक्रता आणि पृष्ठताण यांना जोडणाऱ्या) घातलं की पृष्ठताण मिळतो. खरी परीक्षा पुढे आहे. तोच गोळा अजून थोडा दाबायचा आणि पुन्हा मोजायचं. आकडा तोच आला तर पदार्थ द्रवासारखा वागतोय. दाब वाढवला तसा आकडाही वाढला तर तुम्ही लवचीक घन दाबत आहात, आणि तुमच्या ‘पृष्ठताणा’ला काही अर्थ नाही. ही दुसरी दाबणी वगळून आकडा छापलेला दिसला की मी तो लेख बाजूला ठेवते.

१९९६ मध्ये फोटी, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणाचे जे आकडे दिले ते असे: पाय-पंखांच्या कळीतला मध्यस्तर २०.१, डोळ्यातला रंगद्रव्याचा थर १२.६, हृदय ८.५, यकृत ४.६ आणि दृष्टिपटल १.६ डाइन प्रति सेंटिमीटर. पाण्याचा खोलीच्या तापमानाला ७२ असतो. आता यातली कुठलीही जोडी घ्या. कमी आकड्याची ऊती जास्त आकड्याच्या ऊतीला वेढते. यकृत हृदयाला वेढतं, हृदय कळीच्या मध्यस्तराला.

चिकटण्याचा रेणूही सापडला. क्योटोत मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिन हे प्रथिन शोधलं. ते कॅल्शियम असेल तरच काम करतं. स्वतःचं कॅडहेरिन नसलेल्या उंदराच्या पेशींत त्याचं जनुक घातलं की पेशी चिकटू लागतात. १९९४ मध्ये स्टाइनबर्ग आणि ताकेइची यांनी दोन गटांत एकच कॅडहेरिन घातलं, फक्त प्रमाण कमी-जास्त ठेवलं. तरीही गट वेगळे झाले, आणि जास्त कॅडहेरिनवाला आत गेला. जात वेगळी असण्याची गरज नव्हती. प्रमाणातला फरक पुरला.

इथवर सगळं सरळ आहे, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे थांबू नये. एक हिशोब करून बघा. पृष्ठताण १ मिलिन्यूटन प्रति मीटर (म्हणजेच १ डाइन प्रति सेंटिमीटर) धरा, पेशीच्या एका बाजूचं क्षेत्रफळ साधारण १०० चौरस मायक्रोमीटर. ऊर्जा येते १०⁻¹³ ज्यूल. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा आहे सुमारे ४ × १०⁻²¹ ज्यूल. म्हणजे एक पेशी शेजारणीपासून सोडवायला औष्णिक ऊर्जेच्या अडीच कोटी पट ऊर्जा हवी. तेलपाण्यात रेणू उष्णतेने हलतात. इथे उष्णता काहीही हलवू शकत नाही. पेशी हलते ती स्वतःच्या इंजिनावर, एटीपी हे पेशीतलं इंधन जाळून. तेवढ्या ऊर्जेला साधारण १२ लाख एटीपी रेणू पुरतात, आणि सस्तन प्राण्याची पेशी सेकंदाला १०० कोटींच्या घरात एटीपी वापरते, त्यामुळे खर्च परवडतो. पण मग ‘समतोलाकडे जाणारा द्रव’ हे चित्र उसनं आहे, हे मान्य करावं लागतं. संख्याशास्त्रीय भौतिकीतलं तापमान इथे नाही; त्याच्या जागी पेशीची वळवळ आहे, आणि ती वळवळ पेशी स्वतः वाढवू किंवा थांबवू शकते.

दुसरी अडचण अॅल्बर्ट हॅरिस यांनी १९७६ मध्येच दाखवली होती. पेशी मोकळा पृष्ठभाग कमीत कमी ठेवतात तो केवळ चिकटपणामुळे, असं का मानायचं? पेशीच्या आवरणाखाली अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचा एक पातळ थर असतो, कॉर्टेक्स. तो स्नायूसारखा आकुंचन पावतो. मोकळ्या बाजूचा कॉर्टेक्स जास्त आवळला आणि शेजारणीला टेकलेल्या बाजूचा सैल पडला, तर पेशी आपोआप एकमेकींवर चपट्या होत जातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय घट्ट चिकटल्यात! चिकटपणा आणि आकुंचन, दोन्ही एकाच पृष्ठताणात मिसळून येतात, आणि समांतर पट्ट्यांचा प्रयोग ते वेगळे करू शकत नाही.

ते वेगळे करायला झेब्राफिश लागला. २००८ मध्ये हायझेनबर्ग यांच्या गटाने त्याच्या भ्रूणातल्या एकेका पेशीची ओढ आणि कॉर्टेक्सचा ताण अणुबल सूक्ष्मदर्शकाने (अतिसूक्ष्म टोकाने बल मोजणाऱ्या यंत्राने) मोजला. बाह्यस्तराच्या पेशी सर्वांत कमी चिकट निघाल्या, पण त्यांचा कॉर्टेक्स सर्वांत ताणलेला. स्टाइनबर्ग यांच्या मूळ नियमाने त्या बाहेर जायला हव्यात. प्रयोगशाळेतल्या बशीत त्या आत गेल्या. २०१२ मध्ये याच गटाने दोन-दोन पेशींच्या जोड्या पिपेटने धरून मोजमाप केलं. संपर्काची जागा रुंदावते ती मुख्यतः तिथला कॉर्टेक्स सैल पडल्यामुळे. कॅडहेरिनच्या चिकटण्याने थेट मिळणारी ऊर्जा किरकोळ आहे. मग कॅडहेरिनचं काम काय? दोन पेशींचे कॉर्टेक्स एकमेकांना जोडून ठेवणं, म्हणजे ओढाताणीत संपर्क सुटू नये, आणि संपर्काच्या जागी आकुंचन कमी करण्याचा निरोप देणं. माझ्या मते या विषयातला गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे. पृष्ठताणाचं गणित जसंच्या तसं राहिलं, त्याचा मालक बदलला.

याचं मानवी आयुष्याच्या सुरुवातीचं उदाहरण आयव्हीएफ प्रयोगशाळेत काम करणारे रोज बघतात. उंदराच्या भ्रूणात आठ पेशींच्या टप्प्यावर, माणसात थोडं पुढे, सुटे सुटे गोल दिसणारे पेशींचे फुगे एकाएकी एकमेकांत दबतात आणि त्यांच्यामधल्या सीमा पुसट होतात. याला कॉम्पॅक्शन म्हणतात. २०१५ मध्ये जां-लेओं मेत्र यांनी उंदराच्या भ्रूणावर दाखवलं की बाहेरच्या बाजूचा ताण जवळपास दुप्पट होतो आणि संपर्काच्या बाजूचा उतरतो. पुढच्या टप्प्यात ज्या पेशींचं आकुंचन जास्त त्या आत ढकलल्या जातात. त्यातून बाळ घडतं, बाहेरच्यांतून वार (प्लासेंटा).

एक सावधगिरी. बशीतला क्रम म्हणजे भ्रूणातला क्रम, असं धरू नका. झेब्राफिशचा बाह्यस्तर बशीत आत जातो, भ्रूणात मात्र तो बाहेरच असतो. भ्रूणात बाहेरून एक आवरणाचा थर असतो, पेशींच्या मधल्या द्रवाची क्षारता वेगळी असते, आणि पेशी आधीच जवळपास योग्य जागी जन्मलेल्या असतात. खऱ्या भ्रूणात हे बल बहुतेक वेळा सीमा राखण्याच्या कामी येतं. शून्यातून वर्गवारी करायची वेळ क्वचित येते.

आता घन-द्रवाचा मुद्दा, कारण प्रोजेक्टसाठी मला हाच जास्त सुपीक वाटतो. ऊती काही वेळा वाहते, काही वेळा थिजते. हे समजावताना सगळे लोकलच्या डब्याची उपमा देतात: गर्दी वाढली की कोणी हलू शकत नाही. एका थराच्या ऊतीला ही उपमा लागू पडत नाही, कारण तिथे पेशींमध्ये फट अशी नसतेच. घनता पहिल्यापासून शंभर टक्के. तरी ती वाहू शकते. २०१५ मध्ये बी, मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निर्णय आकारावर होतो. पेशीचा परिघ घ्या, त्याला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. सम षट्कोनाला ३.७२ येतं, सम पंचकोनाला ३.८१. सरासरी ३.८१ च्या खाली असेल तर शेजार बदलायला ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो, ऊती घन. वर गेली की उंबरठा नाहीसा होतो, ऊती वाहते. त्याच वर्षी हार्वर्डच्या फ्रेडबर्ग यांच्या गटाने माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी बशीत वाढवून तपासल्या. निरोगी लोकांच्या पेशी थर पूर्ण झाल्यावर याच आकड्याजवळ येऊन थिजल्या. दमा असलेल्यांच्या पेशींना थिजायला बराच जास्त वेळ लागला आणि त्या लांबुळक्या राहिल्या.

झेब्राफिशच्या शेपटीत दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी असतात. काम्पास यांच्या गटाने २०१८ मध्ये पेशींच्या मध्ये चुंबकीय तेलाचा थेंब सोडला आणि चुंबकाने तो ओढून बघितला. शेपटीच्या टोकाशी ऊती वितळलेली, थोडं पुढे डोक्याच्या दिशेला थिजलेली. टोकाला पेशी भरत राहतात, डोक्याच्या बाजूला घट्ट होत जातात आणि शरीर लांबत जातं.

३.८१ हा आकडा वापरताना दोन खड्डे लक्षात ठेवा. चित्रातून परिघ काढताना पिक्सेलच्या पायऱ्या मोजल्या गेल्या तर परिघ फुगतो आणि तुमची प्रत्येक ऊती ‘द्रव’ निघते. आधी संगणकावर काढलेला सम षट्कोन त्याच सॉफ्टवेअरमधून मोजा, ३.७२ आलं नाही तर पुढे जाऊ नका. दुसरं, हा उंबरठा दोन मितींचा आहे आणि पेशींना स्वतःची चाल नाही असं धरून आला आहे. पेशी चालू लागल्या की तो खाली सरकतो, सगळ्या एकाच दिशेला ताणलेल्या असतील तरीही तो तसाच्या तसा लागू होत नाही.

जनुकं की भौतिकशास्त्र, या वादात मला फारसा रस नाही. आतड्याची वेटोळी घ्या. २०११ मध्ये ताबिन आणि महादेवन यांच्या गटांनी कोंबडीच्या भ्रूणाचं आतडं त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यापासून सोडवलं, तर ते सरळ झालं आणि पडदा आखडला. आतडं पडद्यापेक्षा वेगाने वाढतं, म्हणून वळतं. ताणलेल्या रबरी पडद्याला नळी शिवून त्यांनी तीच वेटोळी काढून दाखवली. वाढीचा वेग जनुकांनी ठरवला, वेटोळ्यांची संख्या आणि त्रिज्या लवचीकतेच्या समीकरणाने. दोघांपैकी एकाला श्रेय देऊन काही हाती लागत नाही.

प्रोजेक्टचं. १९९२ मध्ये ग्रानर आणि ग्लेझियर यांनी संख्याशास्त्रीय भौतिकीतलं पॉट्स मॉडेल पेशींसाठी वळवून घेतलं. तिथून सुरुवात करा. जाळीवरच्या प्रत्येक चौकटीवर पेशीचा क्रमांक, दोन वेगळ्या क्रमांकांच्या सीमेला काही ऊर्जा, आणि पेशीचं क्षेत्रफळ ठरावीक आकड्याजवळ राखणारं एक वर्ग-पद (फरकाचा वर्ग). पायथॉनमध्ये एका आठवड्यात स्वतः लिहिता येतं. कॉम्प्यूसेल-थ्रीडी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण पहिल्यांदा स्वतःच लिहा. सीमेची ऊर्जा कमी म्हणजे चिकटपणा जास्त. हे चिन्ह दर वर्षी कोणीतरी उलटं करतंच. दोन प्रकारांमधला पृष्ठताण म्हणजे मिश्र सीमेची ऊर्जा वजा दोन्ही सजातीय सीमांची सरासरी. तो धन असेल तरच वर्गवारी होईल. कोण आत जाणार ते दोन्ही प्रकारांच्या माध्यमाशी (भोवतालच्या द्रवाशी) असलेल्या पृष्ठताणावरून आधी कागदावर सांगा, मग प्रोग्राम चालवा.

मॉडेलमधलं ‘तापमान’, म्हणजे पेशींची वळवळ ठरवणारा आकडा, फार कमी ठेवलं तर लहान लहान बेटं होऊन सगळं अडकतं. फार वाढवलं तर पेशी विरून जातात. मिश्र सीमेची एकूण लांबी वेळेबरोबर कशी घटते, तो आलेख काढा. ती लॉगरिदमने घटते की घात-नियमाने (पॉवर लॉ), याचं उत्तर मॉडेलप्रमाणे बदलतं. मग प्रत्येक पेशीला शेजारणी जिकडे चालल्या आहेत तिकडेच चालायची थोडी ओढ द्या आणि तोच आलेख पुन्हा काढा. वर्गवारी वेगाने होते, पण ओढ किती असताना, हे पेशींची संख्या बदलून तपासा. एका सत्राच्या कामाला एवढं भरपूर आहे.